स्वच्छ तारीख

आमच्या कागद गिरणीच्या फाटकाशी एक काळा फळा आहे आणि गेली सव्वीस वर्षं तो मी लिहितो. माझं खरं काम टाइम ऑफिसातलं. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कोण आजारी असल्याचं सांगून मेव्हण्याच्या लग्नाला गेलं, याची नोंद ठेवायची. पण माझी ओळख फळ्याची. वरच्या अर्ध्या भागात जगाचा दिनविशेष, खालच्या अर्ध्यात गिरणीचा. वर, या तारखेला कोणता शोध लागला, कोण कुठल्या शिखरावर चढलं. खाली, या तारखेला आमच्याकडे कुणाचं बोट गेलं, कुणाच्या पायावर कागदाचं रीळ पडलं आणि त्यातून काय शिकायचं. सगळे मला कॅलेंडर म्हणतात. तोंडावर कॅलेंडरकाका, पाठ वळली की नुसतंच कॅलेंडर.

या फळ्याची एक रीत आहे. प्रत्येक टोळीचा प्रमुख फळ्यावरच्या ओळी चिठ्ठीवर उतरवून घेतो आणि कामाच्या जागी मोठ्याने वाचतो. वाचून झालं की विचारतो, "अजून काही?" कुणाला त्या दिवसाबद्दल जास्त ठाऊक असेल तर त्याने सांगायचं. मग सगळ्यांनी म्हणायचं, "ऐकलं." ऐकलं म्हटल्याशिवाय कुणी पान्याला हात लावत नाही. बाहेरचे लोक हसतात. हसू देत. आमच्याकडे ना शिकवणीचे वर्ग, ना पुस्तकं. एका तारखेला एक धडा, हीच आमची शाळा.

त्यातूनच पुढे एक खूळ निघालं. नियोजनाच्या खोलीत भिंतीवर एक मोठं कॅलेंडर आहे. ज्या तारखेला गिरणीत कधी काही वाईट घडलं, तिच्यावर लाल ठिपका. ठिपका नसेल ती स्वच्छ तारीख. अवघड काम नेहमी स्वच्छ तारखेला काढायचं. मला हे कधीच पटलं नाही, पण ठिपके मीच लावायचो. साहेबांनी सांगितलं की लावायचे, माझ्या मताला विचारतो कोण!

आता मुद्द्यावर येतो. टाळून टाळून अकरा वर्षं झाली.

सतरा डिसेंबर हा गिरणीचा वर्धापन दिन. त्या दिवशी मशीन बंद असतं, अंगणात मांडव घालतात, साहेब भाषण करतात. अकरा वर्षांपूर्वी याच दिवशी सकाळी, मशीन बंदच आहे तर लगद्याची टाकी धुऊन घेऊ म्हणून एक माणूस आत उतरला. टाकी जमिनीत आहे, दोन पुरुष खोल. लगदा हलता असेपर्यंत काही होत नाही, पण एक रात्र जरी नुसता पडून राहिला तरी सडतो आणि ढवळला की त्यातून विषारी वायू सुटतो. आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. वायू वाढला की नाकच मरतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, चला, हवा मोकळी झाली. पहिला साफ करायला उतरला. दुसरा त्याला काढायला उतरला. तिसरा दुसऱ्याला. पहिले दोघं जागीच गेले, तिसरा दवाखान्यात अठराच्या पहाटे गेला.

मी नोंद केली ती सतराच्या पानावर. तेव्हाच्या साहेबांनी मला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं, कारण आमच्याकडे कारकुनाला कुणी चहा देत नाही. म्हणाले, "दरवर्षी वर्धापन दिनाला पाहुण्यांसमोर हे असलं अभद्र वाचायचं का? एक दिवस पुढे घ्या ना. शेवटचा माणूस अठरालाच गेला. खोटं कुठे आहे?"

मी रजिस्टर घेऊन आलो, सतराचं पान फाडलं आणि सगळं अठराच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. ठिपकाही अठरावर. सतरा डिसेंबर झाली स्वच्छ तारीख. त्या चहाची चव मला अजून आठवते, साखर जास्त होती.

हे फक्त मुकादमाला माहीत होतं. तो देखभालीचा, त्या दिवशी टाकीच्या तोंडाशी होता. तेव्हाची बाकी माणसं हळूहळू गिरणी सोडून गेली आणि नव्यांना फळ्यावरचीच तारीख खरी. मुकादम एवढंच म्हणाला, "तुम्ही तारीख हलवाल हो, टाकी कुठे हलणार आहे?" पुढची दहा वर्षं टाकी त्यानेच धुतली. अठरा तारखेला धुवायची, पण आदला पूर्ण दिवस आणि रात्र पंखा लावून हवा मारायची, मग वायू मोजायचं यंत्र दोरीने आत सोडायचं आणि माणूस उतरवायचा तो कमरेला दोर बांधून. पोरं म्हणायची, म्हाताऱ्याला टाकीचं वेड लागलंय. ठिपक्याच्या तारखेला टाकी कशाला, असं कुणी विचारलं तर तो थुंकायचा आणि कामाला लागायचा.

सप्टेंबरात तो निवृत्त झाला आणि लांब मुलाकडे राहायला गेला. जाताना टाइम ऑफिसच्या खिडकीत वाकला. "यंदा टाकी तुमच्या पोरीकडे येणार. तिला सगळं सांगा. तारखेसकट सांगा."

"माझी पोरगी आहे," मी म्हणालो. "मी नाही सांगणार तर कोण सांगणार?"

माझी थोरली फेब्रुवारीत आमच्या गिरणीत देखभाल विभागाची सुपरवायझर म्हणून लागली होती. आधी बाटल्यांच्या कारखान्यात होती. तिथे ना टाकी, ना लगदा. अठरा डिसेंबरचं वाचन तिने अजून एकदाही ऐकलं नव्हतं. लहानपणी रोज जेवताना विचारायची, "बाबा, आज काय झालं होतं?" आणि मी तिला फळ्याचा फक्त वरचा भाग सांगायचो. फुगे, विमानं, शिखरं. खालचा भाग मी घरी कधी आणला नाही. पोरीने सुखाने दोन घास खावेत, एवढंच मनात होतं.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. पंखा, यंत्र, दोर हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण ती कच्च्या गुरूची चेली नाही. तिने विचारलं असतं, कधी झालं हे? आणि मग मला तिच्या डोळ्यांत बघून तारीख सांगावी लागली असती. रोज ठरवायचो, उद्या. नियोजनाच्या तक्त्यावर टाकी अठरा तारखेला होती. म्हणजे सतराच्या संध्याकाळी सांगितलं तरी चालेल, काम एक दिवस पुढे ढकलता येईल. असा हिशेब करून मी शांत झोपत होतो.

सतराला सकाळी मी फळा लिहिला. वर: १९०३, दोन भावांनी इंजिनाचं विमान पहिल्यांदा उडवलं, पहिलं उड्डाण बारा सेकंद. खाली: आपल्या गिरणीचा वर्धापन दिन, सर्वांना शुभेच्छा. कडेला रंगीत खडूने वेलबुट्टीही काढली.

रेडिओ फाटकातून आला. हा देखभालीतला, यंदाच लागलेला मदतनीस. तोंडाने अखंड शीळ चालू, म्हणून रेडिओ. पन्नाशीचा, ताडमाड उंच, दोन मुलींचा बाप. फळा वाचून म्हणाला, "काका, बारा सेकंद उडालं त्याचं एवढं कौतुक? आमची बायको रोज तासभर उडते." आणि शीळ घालत आत गेला.

साडेनऊला नियोजनाचा शिपाई दिवसाच्या कामाचे परवाने ठेवून गेला. सवयीप्रमाणे मी एकेक बघून शिक्का मारत होतो. तिसऱ्यावर हात थांबला. काम: लगद्याची टाकी, आतून सफाई. तारीख सतरा, वेळ साडेनऊ. सही माझ्या मुलीची. आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात तिचं नीटस अक्षर: अठराला लाल ठिपका असल्याने काम एक दिवस अलीकडे घेतले.

मशीन पंधराला बंद झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी लगदा एक रात्र सडला होता; यंदा दोन.

मी मशीनघराचा फोन फिरवला. वाजत राहिला. सगळे मांडवात. तिचा मोबाइल लावला, तर तो समोरच्या कप्प्यात वाजला. कामावर जाताना मोबाइल टाइम ऑफिसात ठेवायचा, हा नियमही माझाच. मी खिडकी उघडी टाकून धावत सुटलो. वय अठ्ठावन्न, डावा गुडघा कधीचा कामातून गेलेला. धावत सुटलो म्हणायचं, इतकंच.

टाकी मशीनघराच्या मागे. तिकडे जायला अंगण ओलांडावं लागतं आणि अंगणात मांडव. साहेब माईकवर बोलत होते. कर्ण्याचा आवाज गिरणीच्या कोपऱ्याकोपऱ्यात जातो. टाकीशी तर एक कर्णा थेट खांबावर बसवलेला आहे. माईक माझ्यापासून दहा पावलांवर होता. पुढे होऊन चार शब्द बोलायचे होते: टाकीत कुणीही उतरू नका. बस.

मी थांबलो. खरंच थांबलो. चार शब्द बोललो की तीनशे माणसं विचारणार, का? काय आहे टाकीत? आणि आज फळ्यावर का नव्हतं? पहिल्या रांगेत पाहुणे बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि माझा पाय माईककडे न वळता मशीनघराकडे वळला. मनाशी म्हटलं, स्वतःच जाऊन थांबवतो, कुणाला कळायचंही नाही.

मशीनघर रिकामं होतं. बंद मशीनच्या बाजूने लंगडत जाताना मला शीळ ऐकू आली. रेडिओची शीळ, लांबून, जरा घुमल्यासारखी. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शीळ चालू आहे म्हणजे सगळे वर उभे आहेत, अजून गप्पाच चालल्यात. मी चालायचा वेग कमी केला. श्वास घेतला. मग लक्षात आलं, शीळ घुमतेय का? उघड्यावर शीळ घुमत नाही.

शीळ मधेच थांबली.

मी मोजायला लागलो. का ते विचारू नका. भीतीने डोकं जागेवर नव्हतं, सकाळचा फळा डोक्यात होता. एक, दोन, तीन. पुन्हा सुरू होईल, दम घेत असेल. सात, आठ. गुडघ्यातून कळ येत होती. बारा म्हणताना मी मागच्या दारातून बाहेर पडलो.

टाकीचं झाकण उघडं होतं. टोळीतला नवा वेल्डर आत टॉर्च मारून ओरडत होता. आणि माझी पोरगी शिडीवर होती, कमरेपर्यंत आत गेलेली. शिडीचा वरचा दांडा एका हातात, तोंडाला रुमाल.

मी तिच्या काखेत हात घातले आणि मागे ओढलं. आम्ही दोघं टाकीच्या तोंडाच्या कडेवर आपटलो. तिने मला कोपर मारलं, माझा चष्मा कुठे तरी गेला.

"सोडा बाबा! तो पडलाय तिथे! हलत नाहीये!"

"उतरायचं नाही."

"वास गेलाय आता! मघाशी येत होता, आता नाही येत! सोडा मला!"

"वास गेलेला नाही!" मी किंचाळलो. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "नाक गेलंय तुझं! पहिला साफ करायला उतरतो, दुसरा त्याला काढायला, तिसरा दुसऱ्याला! पंखा आणा! अग्निशमनाला फोन करा!" वेल्डर जागेवरच उभा होता. त्याला मी अशी शिवी दिली की जन्मात कुणाला दिली नव्हती. तो पळाला.

ती धडपडत होती. चोवीस वर्षांची, अंगात ताकद. मी तिच्या कमरेला मिठी मारून पाय तोंडाच्या कडेला रोवले होते आणि मनात एकच होतं: हिला सोडायचं नाही, हात तुटले तरी सोडायचं नाही. खाली एक माणूस मरत होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

मग एकाएकी तिचं धडपडणं थांबलं. ती वळून माझ्याकडे बघायला लागली.

"तुम्हाला कसं माहीत? पहिला, दुसरा, तिसरा?"

"लिहिलंय."

"कुठे? आज काहीच नव्हतं. मी वाचलं ना. विमानाचं वाचलं, वर्धापन दिनाचं वाचलं. मी विचारलं, अजून काही? कुणालाच काही माहीत नव्हतं." तिचा श्वास तुटत होता. "रेडिओकाका म्हणाले, ऐकलं बाई ऐकलं, आज तर छान दिवस आहे. आणि उतरले."

खांबावरच्या कर्ण्यातून साहेब गिरणीच्या उज्ज्वल भविष्याबद्दल बोलत होते. एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

अग्निशमनाची माणसं बावीस मिनिटांनी आली. मुखवटे घालून उतरली आणि रेडिओला वर काढलं. त्याचे पाय टाकीच्या तोंडातून बाहेर यायला वेळ लागला, इतका तो उंच होता. डॉक्टरने नाडी बघितली आणि मान हलवली.

संध्याकाळी साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय दैव बघा. उद्याच्या तारखेला तसलाच अपघात नोंदलेला आहे म्हणे. एक दिवस आधी घडला." मी मान डोलावली. म्हणजे सुटायची वाट तयार होती. मुकादम लांब. जुने साहेब कधीच दुसरीकडे गेलेले. फाडलेलं पान अकरा वर्षांपूर्वीच जाळलेलं. उद्या फळ्यावर अठराची नोंद लिहायची, लोक हळहळतील, संपलं.

घरी ती जेवली नाही. ताटासमोर बसून राहिली. तिची आई विचारत होती, अगं बोल काहीतरी. रात्री भांडी आवरताना तिने पाठमोरीच मला विचारलं, "आज काय झालं होतं, बाबा?" लहानपणीचाच प्रश्न. मी म्हणालो, "झोप आता." अठ्ठावन्न वर्षांत मला कधी माझ्याच घराची भीती वाटली नव्हती. त्या वेळी वाटली.

सकाळी मी फळा लिहिला. वर काय लिहिलं आठवत नाही. खाली रजिस्टरमधली नोंद, शब्दाला शब्द: १८ डिसेंबर, अकरा वर्षांपूर्वी, लगद्याची टाकी, तीन मृत्यू, आणि तिघांची नावं. अक्षर प्रथमच वाकडं आलं.

आठ वाजता सगळी गिरणी फाटकाशी जमली. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप जमली. अकराला तपासणी अधिकारी येणार होते. वाचायचं कुणी? तीच पुढे झाली. चिठ्ठी नव्हती, फळ्यावरूनच वाचलं. आवाज सपाट. "पहिला साफ करण्यास उतरला. दुसरा त्यास काढण्यास. तिसरा दुसऱ्यास." तिथे ती क्षणभर थांबली, पण वळली नाही. शेवटची ओळ वाचली: "वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजू नये."

मग ती लोकांकडे वळली. रीतीप्रमाणे विचारलं, "अजून काही?"

ती माझ्याकडे बघत होती. बाकी कुणाकडे नाही, फक्त माझ्याकडे. खडू माझ्या मुठीतच होता. मी फळ्यापाशी गेलो, बोटाने आठ पुसला आणि तिथे सात लिहिला.

"हे अठराला झालं नव्हतं," मी म्हणालो. "सतराला झालं होतं, वर्धापन दिनाला, सकाळी. तारीख मी बदलली. सांगितलं तेव्हाच्या साहेबांनी, पण हात माझा होता. मुकादमाने मला हिला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही."

गर्दीतून एक आवाज निघाला, शब्द नव्हता, नुसता आवाज. वेल्डर शिवी देत पुढे आला, दोघांनी त्याला धरलं. साहेब म्हणाले, "आत चला, आत बोलू." माझी पोरगी जागची हलली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अजून काही?" तिने पुन्हा विचारलं.

आमच्या रीतीत दोनदा विचारत नाहीत. मला वाटतं, बापाला ओळखते म्हणून तिने विचारलं. मी मांडवाकडे बघितलं. तो अजून उतरवला नव्हता, माईकही तसाच उभा होता.

"काल मी या माईकपासून दहा पावलांवर होतो," मी म्हणालो. "तेव्हा रेडिओ खाली शीळ घालत होता. मी माईकवर बोललो असतो तर त्याला ऐकू गेलं असतं. मला लोकांची लाज वाटली. मी बोललो नाही."

तीनशे माणसं उभी होती आणि सगळ्यांनी मिळून एक शब्द म्हणायचा होता, रोज म्हणतात तो. कुणी म्हणेना. वेल्डरने मान फिरवली. म्हाताऱ्या फोरमनने टोपी काढून हातात घेतली आणि जमिनीकडे बघत राहिला.

माझ्या मुलीने माझ्या मुठीतून खडू काढून घेतला. बोटं घट्ट मिटलेली होती, तिला एकेक सोडवावं लागलं.

"ऐकलं," ती म्हणाली, एकटीच. मग ती फळ्याकडे वळली आणि तिघांच्या खाली चौथ्याचं नाव लिहायला लागली.